डाव्या भिंतीवरची कडी

अंजनीला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. त्या सकाळी ह्यांनी माझ्या हातात एक गोणी दिली.

"ग्वारीघाटावर जा आणि सोडून ये," हे म्हणाले. "निर्माल्यच आहे. तुझ्या हातानं गेलेलं बरं."

गोणी हलकी होती, तोंड सुतळीनं शिवलेलं होतं. आत काय आहे हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

"तिथून सरळ ऑफिसात ये. बारा वाजता भोपाळचे साहेब चौकशीला बसणार आहेत. विचारतील तेवढंच सांग. दोर कडीला बांधलेला दिसला. बस. जास्त काहून बोलायचं?"

"बांधलेला नव्हता," मी म्हटलं.

हे बुटाची नाडी आवळत होते, मान वर केली नाही. "तू वर पायरीवर होतीस, विनता. हात जोडलेले, डोळे मिटलेले. तुला काय दिसलं असेल?"

माझे डोळे मिटलेले नव्हते. पण मी गोणी पिशवीत ठेवली, तुळशीला पाणी घातलं आणि पाटनकडून येणारी बस धरायला निघाले. लग्नाला चौतीस वर्षं झाली. ह्यांनी 'जा' म्हटलं आणि मी गेले नाही, असं कधी झालं नव्हतं.

आम्ही नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या काठी, विभागाच्या क्वार्टरमध्ये राहतो. माझं माहेर शहरातल्या कांचघरचं. वडील फॅक्टरीत होते, त्यामुळे भोंग्यावर उठायची सवय. इथं भोंगा नाही, पण मी त्याच वेळेला उठते. नहरेतलं पाणी नर्मदेचंच, म्हणून सहा वर्षांपूर्वी इथं राहायला आलो तेव्हापासून मी रोज त्याच पाण्याला अर्घ्य देते. मैया चालत आपल्या दाराशी आली, आणखी काय पाहिजे?

आमच्या दारासमोर नहर एकदम दोन पुरुष खाली उतरते. पाणी काय, कोसळून जातं. नाव कशी उतरणार? म्हणून कोसळत्या पाण्याच्या शेजारी एक पक्का कोठा बांधलेला आहे. सरकारी कागदात त्याला लॉक म्हणतात, गावातले लोक 'पानी की कोठरी' म्हणतात. त्याला वरच्या अंगाला एक फाटक, खालच्या अंगाला एक. वरून नाव आली की तिला आत घ्यायची, मागचं फाटक लावायचं आणि खालच्या फाटकातली झडप उघडायची. कोठ्यातलं पाणी खालच्या नहरेत जायला लागतं, पातळी उतरते, आणि पाण्यासोबत नावही उतरते, अलगद, पाळण्यात मूल ठेवावं तशी. पाव तास लागतो. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका रेषेवर आलं की खालचं फाटक एकटा माणूस खांद्यानं ढकलतो. वीतभर फरक असला तर चार बैल जुंपले तरी ते हलत नाही. नवीन माणसाला शिकवताना हे म्हणायचे, "पाण्याशी जोर नाही करायचा बापा. त्याला बरोबरीला येऊ द्यायचं."

हे तिथले गेट ऑपरेटर. जूनमध्ये रिटायर होणार होते.

नाव उतरताना कोठ्यात इकडेतिकडे आदळू नये म्हणून दोन दोर लागतात, एक पुढचा, एक मागचा. वर भिंतीत लोखंडी कड्या आहेत. दोर कडीतून ओवायचा आणि टोक हातात धरायचं. नाव जसजशी खाली जाईल तसतसा सोडत जायचा. बांधायचा कधीच नाही. बांधला तर खालून पाणी निघून जातं आणि नाव वरच लटकते. भिंतीवर पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'रस्सी बाँधना सख्त मना है.'

खालच्या गावांचा रपटा, नाल्यावरचा बुटका पूल, चार पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला. तो अजून झाला नाही. तेव्हापासून बाजारहाट, दवाखाना, शाळेच्या मास्तरणी, सगळं मुरलीधरच्या नावेनं चालायचं. मुरलीधर पुढचा दोर धरायचा, त्याची बायको अंजनी मागचा. आठ वाजता पहिली खेप. ती खेप खालच्या नहरेत नीट उतरेपर्यंत मी पाणीसुद्धा घेत नसे. हा माझा रोजचा नेम. ह्यांच्या हातून कोणाला काही होऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

अंजनीला माझा नेम ठाऊक होता. नाव फाटकातून आत आली की खालूनच ओरडायची, "दीदी, चाय चढ़ा दो, हम उतर रहे हैं! आपका उपवास हमारे भरोसे है!"

मी काहीतरी उत्तर द्यायची. ती कानाला हात लावायची. "क्या? दीदी, आप बोलती हो कि मन में सोचती हो? कुछ सुनाई तो देता नहीं."

मुरलीधर म्हणायचा, "सब तेरे जैसे भोंपू थोड़े हैं."

"भोंपू हूँ तभी तो तुम्हारी नाव चलती है. नहीं तो तुम किनारे लगी नाव में ही सो जाओ."

सगळी नाव हसायची. हेसुद्धा झडपेच्या चाकाशी उभे राहून हसायचे.

आता धाग्याचं सांगते.

रपटा वाहून गेला त्याच वर्षी ह्यांच्या बदलीचा कागद आला. रीव्याच्या पलीकडे कुठेतरी. ह्यांची शुगर, माझे गुडघे, आणि मैया सोडून जायचं म्हणून माझा जीव अर्धा झाला. अर्घ्य द्यायला मी ज्या पायरीवर उभी राहते, तिथून डाव्या भिंतीची पुढची कडी हाताला येते. मी त्या कडीला एक कलावा बांधला. सुताचा, लाल-पिवळा, सात गाठी. बदली रद्द होऊ दे, म्हटलं. दोन महिन्यांत रद्द झाली.

नवस पुरा झाला की ज्या हातानं धागा बांधला त्याच हातानं सोडायचा, ही रीत. मी नारळ घेऊन सोडायला गेलेसुद्धा होते. तेवढ्यात नाव आली. अंजनीनं वर बघून सगळ्या नावेला सांगितलं, "यही है वो धागा! दीदी ने बाँधा और भोपाल का ऑर्डर पलट गया!" बायका उठून उभ्या राहिल्या, पाया पडल्या. कडीच्या की माझ्या, कोण जाणे. मी नारळ फोडला आणि धागा राहू दिला. आठ दिवसांनी सोडीन, म्हटलं. आठाचे पंधरा झाले. मला ते बरं वाटत होतं, दुसरं कारण नव्हतं.

मग एकेक जण बांधायला लागली. कोणी मुलासाठी, कोणी नवऱ्याच्या दारूसाठी, कोणी म्हैस गाभण राहावी म्हणून. सुती धागे कोसळत्या पाण्याच्या तुषारांनी चार महिन्यांत कुजायचे, गळून पडायचे. बायका माझ्याकडे यायच्या. "दीदी, मन्नत पूरी नहीं हुई और धागा गिर गया. अब क्या?"

अधिक महिना आला. तेहतीस जणींना वाण द्यायचं मी मनात धरलं होतं. अधारतालला मेन रोडवर पूजेच्या सामानाचं दुकान आहे, तिथं गेले. दुकानदारानं लाल रीळ समोर ठेवलं. "बहनजी, नायलॉन का है. आप चली जाओगी, ये नहीं जाएगा." मी दोन रिळं घेतली. तेहतीस बत्ताशांच्या पुड्या बांधल्या आणि प्रत्येक पुडीत हात-हात लांब धागा घातला. अंजनी स्वतः मागून घेऊन गेली. "मुझे पक्का वाला देना दीदी, मेरा काम बड़ा है." तिला मूल नव्हतं. तिनं धाग्यात आपल्या हातातली एक हिरवी बांगडी ओवली आणि कडीला बांधून टाकली. माझ्यादेखत बांधली.

तेहतिसाचे किती झाले ते मोजलं नाही. कडी आधी ताटलीएवढी मोकळी होती. हळूहळू लाल गुंता वाढत गेला आणि मधलं भोक वाटीएवढं राहिलं. मुरलीधर कुरकुरायचा, "बड़े बाबू, रस्सी अटकती है इसमें. झटका देना पड़ता है." कड्या साफ ठेवणं, तेल देणं हे ह्यांचं काम. हे दोनदा विळा घेऊन निघाले होते. पहिल्यांदा मी म्हटलं, "अहो, चार दिवसांवर पौर्णिमा आहे, ती होऊ द्या." दुसऱ्यांदा म्हटलं, "दुसऱ्याचा नवस आपण कापायचा नसतो हो. आपल्या घरात काही झालं म्हणजे?" हे विळा भिंतीला टेकवून म्हणाले, "तुझ्या देवाच्या कारभारात माझी नोकरी जाईल एक दिवस." हसत म्हणाले होते.

तो दिवस शनिवार होता. थंडी होती, पण ऊन आलं होतं. नावेत अकरा माणसं. त्याच आठवड्यात मुरलीधरनं पुढच्या दोराला जोड दिला होता. जुना दोर एका जागी झिजला होता, तेवढा तुकडा काढून दोन टोकं एकमेकांत विणली होती. वीण चांगली होती, पण तिथं दोर अंगठ्यापेक्षा जाड झाला होता.

नाव आत आली. वरचं फाटक लागलं. अंजनी ओरडली, "दीदी, चाय!" मी तांब्या उचलून दाखवला. ह्यांनी झडपेचं चाक फिरवलं आणि खाली पाण्याचा घोष सुरू झाला. तो सुरू झाला की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं.

पाणी हातभर उतरलं, दोन हात उतरलं. मुरलीधर दोर सोडत होता. माझ्या हातातून अर्घ्याची धार पडत होती आणि माझी नजर कडीवरच होती, कारण मी कडीला नमस्कार करूनच पाणी सोडते. विणीचा जाड भाग सरकत वर आला, कडीत शिरला आणि धाग्यांच्या गुंत्यात बसला. बाटलीत बूच बसावं तसा. धागे ताणले गेले. मी बघत होते, आता तुटतील. सुताचे असते तर तुटले असते. नायलॉन दोरात रुतला.

मुरलीधरनं झटका दिला. पुन्हा दिला. पाणी खाली चाललंच होतं.

मी ओरडले, "अहो, झडप लावा!" माझ्या परीनं ओरडले. हे तिथून वीस पावलांवर, पाठमोरे.

नावेचं नाक वर राहिलं आणि बूड खाली गेलं. माणसं मागे घसरली. आता किंकाळ्या झाल्या, त्या ह्यांना ऐकू गेल्या. हे चाक उलटं फिरवायला लागले. पूर्ण बंद व्हायला चाळीस फेरे लागतात. मुरलीधर दातांनी दोर कुरतडत होता. मी स्वतः पायरीवर आडवी होऊन बोटांनी कडीतले धागे ओढत होते, माझी नखं निघाली. मग नाव कुशीवर वळली आणि दोर आपोआप सुटला.

दहा जण निघाले. भिंतीतल्या शिडीला धरून, एकमेकांचे केस धरून. अंजनीला पाणी काही करू शकलं नसतं. ती लहानपणापासून घाटावर नाणी काढायला बुडी मारणारी. पण वळलेली नाव तिच्यावर आली आणि तिचं डोकं भिंतीशी सापडलं. मागचा दोर शेवटपर्यंत तिच्या हातात होता. तिनं तो बरोबर सोडत आणला होता.

त्या दिवशी पहिली खेप उतरलीच नाही. दुपारी दोन वाजता एका पोलिसानं बाटली पुढे केली आणि मी ती घटाघटा प्यायले. नेमाची आठवण नंतर झाली.

पोलीस येण्याच्या आधी, अंजनीला वर काढून पायरीवर ठेवलं होतं आणि सगळे तिच्याभोवती होते, तेव्हा हे विळा घेऊन कडीशी बसलेले मी पाहिले. पाच मिनिटांचं काम होतं. नंतर कडी स्वच्छ होती, तेल दिल्यासारखी. फोटो तिचे निघाले. पंचनाम्यात लिहिलं गेलं की नाविकानं दोर कडीला बांधून ठेवला. मुरलीधरवर लापरवाहीनं मृत्यूचा गुन्हा लागला. ज्या दिवशी त्यानं अंजनीला अग्नी दिला, त्याच संध्याकाळी त्याला ठाण्यात बसवलं. सहा दिवसांनी जमानत झाली. तो एकच वाक्य सगळ्यांना सांगत फिरायचा, "बाँधी नहीं थी, फँसी थी." लोक विचारायचे, कशात फसली? कडी तर साफ आहे. धाग्यांचं नाव कोणी बाई काढेना. आपलाच धागा त्यात होता, हे कोण म्हणेल?

मी एकदा ह्यांना म्हटलं, "त्याची बायको गेली हो. आणि तिच्या मरणासाठी तोच जेलमध्ये जाईल."

हे म्हणाले, "मी खरं बोललो तर पहिलं विचारतील, धागे कोणाचे? कोणी वाटले? तुला कचेरीत उभी करू? म्हणून कापले ते. माझ्यासाठी कापले असं वाटून राहिलं का तुला?"

मला खरंच तसं वाटलं होतं.

बस दमोह नाक्याला आली. तिथून ई-रिक्षा केली. नर्मदा जयंती होऊन चारच दिवस झाले होते, ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर अजून दिव्यांच्या पणत्या, द्रोण, फुलांचा चिखल होता. मी गुडघाभर पाण्यात उतरले. सुतळी दातानं तोडली. मैयाला म्हटलं, तूच पदरात घे. आणि गोणी उलटी केली.

सुती होते ते बुडाले. बाकीचे तरंगले. लाल झिपऱ्यांचा एक मोठा गोळा माझ्या पुढ्यात फिरला, प्रवाहाकडे हातभर गेला आणि काठच्या भोवऱ्यानं परत माझ्या गुडघ्यांशी आला. मी हातानं लोटला. पुन्हा आला. साडीला चिकटला.

"ए माताजी!"

घाट साफ करणारी एक बाई जाळीची काठी घेऊन उभी होती. जयंतीपासून रोज कचरा काढून काढून वैतागलेली असावी. "ये क्या डाल रही हो?"

"निर्माल्य है," मी म्हटलं.

"क्या? ज़ोर से बोलो."

"निर्माल्य. मन्नत के धागे."

तिनं जाळीनं गोळा उचलला आणि दोन बोटांत एक धागा ताणून बघितला. "ये मन्नत है? ये प्लास्टिक है. मैया के पेट में प्लास्टिक डालोगी? मछली खाएगी, मरेगी, फिर पाप किसको लगेगा? हमको?" तिनं सगळं गाळून माझ्या गोणीत भरलं, वर दोन द्रोणही आले. "अपना ले जाओ. जहाँ से लाई हो वहीं रखो."

मी पायरीवर बसले. द्रोण वेगळे काढले. गोळा उलगडत गेले, आत, आणखी आत, आणि अगदी मध्ये, नायलॉननं आवळून धरला होता म्हणून न कुजलेला, विळ्यानं एका बाजूला कापलेला एक सुती कलावा सापडला. रंग गेला होता. सात गाठी होत्या. तो तेवढा बुडून गेला असता तर, असं मनात आलं. आलं, हे खोटं कशाला बोलू?

मी तो परत गोळ्यात ठेवला आणि रिक्षावाल्याला ऑफिसचा पत्ता सांगितला.

ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर मुरलीधर बसला होता. डोकं भादरलेलं, केसांचे खुंट आलेले. मला बघून उठला, नमस्कार केला. मग हळूच म्हणाला, "दीदी, एक बात पूछूँ? उस दिन आपने आवाज़ दी थी क्या?"

"दी थी."

त्यानं मान हलवली. "सुनाई नहीं दी."

आत साहेब, एक टायपिस्ट, एक पोलिसातला माणूस, आणि कडेच्या खुर्चीवर हे. ह्यांची नजर आधी माझ्या ओल्या साडीवर गेली, मग हातातल्या गोणीवर. गोणीतून पाणी ठिबकत होतं.

साहेब वयानं लहान होते, आमच्या लेकीएवढे, प्रणोतीएवढे. मला खुर्ची दिली. नाव, वय, पत्ता झाला.

"माताजी, आप रोज़ वहाँ पूजा करती हैं. उस दिन आपने क्या देखा? रस्सी कड़े से बँधी हुई थी?"

मी म्हटलं, "नहीं."

"थोड़ा ज़ोर से. टाइप करना है."

"नहीं बँधी थी. फँस गई थी."

"किसमें?"

मी गोणी टेबलावर ठेवली. पाणी फायलींकडे पसरलं, टायपिस्टनं पटकन कागद उचलले. "इसमें," मी म्हटलं. "कड़े में ये बँधे थे. पहला मेरा है. प्लास्टिक वाले मैंने बाँटे थे, तैंतीस औरतों को. ये दो बार काटने निकले थे, मैंने रोका."

ह्यांनी "विनता" म्हटलं. रागानं नाही. घरात दिवा लावायचा राहिला की म्हणतात तसं.

साहेबांनी काठीनं उचलावा तसा पेन्सिलीनं गुंता उचलला. एकीकडून कापलेली टोकं सारखी होती. "ये काटे गए हैं. कब? दुर्घटना के पहले या बाद में?"

मी पदर पिळत राहिले. खरं सांगायचं ठरवून आले होते, पण हे एवढं तोंडातून निघेना. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

हे उभे राहिले. "बाद में," म्हणाले. "मैंने काटे, साहब. पुलिस आने से पहले. कड़े साफ रखना मेरी ड्यूटी थी. मुरलीधर ने दो बार शिकायत की थी, ज़बानी. मैंने रजिस्टर में नहीं चढ़ाई."

साहेब म्हणाले, "आप समझ रहे हैं आप क्या कह रहे हैं? जून में रिटायरमेंट है आपका."

"हौ," हे म्हणाले. फॅक्टरीच्या मुलांत वाढलेल्या माणसाचं 'हौ'. "समझ रहा हूँ."

टायपिस्टची बोटं चालू लागली. ह्यांनी सही करायला चष्मा शोधला, खिशात नव्हता, मी माझा दिला.

मग मुरलीधरला आत बोलावलं. माल ओळखायचा होता. साहेबांनी विचारलं, "यही था कड़े में?"

तो टेबलापाशी आला. खाली वाकून बघत राहिला. मला वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल, काही बोलेल, शिवी देईल. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

"इसमें अंजनी का भी है," म्हणाला.

लाल झिपऱ्यांत एका बाजूला हिरवी काच चमकत होती. बांगडी फुटली नव्हती. त्यानं हात पुढे केला.

"हाथ मत लगाओ," पोलिसातला माणूस म्हणाला. "ज़ब्ती का माल है."

"एक ही तो है, साहब. बाकी सब रख लो."

"केस के बाद अर्ज़ी देना. मिल जाएगा."

मुरलीधरनं हात मागे घेतला आणि कुठं ठेवावा ते न कळल्यासारखा छातीशी धरून ठेवला. शिपायानं गोणीचं तोंड बांधलं. नवी सुतळी, दुहेरी गाठ. मेणबत्ती लावली, लाख वितळवली, गाठीवर थेंब थेंब सोडली आणि वरून पितळी शिक्का दाबला. गोणीच्या विरळ विणीतून आतलं हिरवं दिसत होतं. लाख थंड होऊन कडक व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ त्यांनी मुरलीधरला तिथं उभं राहू दिलं.